संशयाची जागा

१

प्रबंधाचा परीक्षक प्रबंध पहिल्या पानापासून ओळीने वाचत जातो, असा समज संशोधक विद्यार्थ्यांमध्ये रूढ आहे. जाणता परीक्षक बहुधा तसे करीत नाही. तो आधी संदर्भसूची उघडतो, मग निष्कर्षाचे प्रकरण पाहतो आणि त्यानंतर प्रास्ताविकाकडे वळतो. या वाचनरीतीत उतावळेपणा नाही. संदर्भसूचीवरून त्याला कळते की संशोधक कोणाशी बोलू पाहतो आहे. निष्कर्षावरून कळते की त्याला काय म्हणायचे आहे. या दोहोंच्या मध्ये काही तुटले आहे असे वाटले, की ते नेमके कोठे तुटले हे पाहण्यासाठी तो मधली प्रकरणे वाचू लागतो. विषय ज्याला ठाऊक आहे त्याला तो पुन्हा शिकून घ्यायचा नसतो. त्या विषयासंबंधीचे स्वतःचे मत या लेखनामुळे बदलावे लागेल काय, एवढाच प्रश्न त्याच्या मनात असतो. आणि मत बदलायला तो सहजासहजी तयार नसतो.

मराठीतील बरेचसे संशोधनपर लेखन मात्र असा वाचक समोर नाहीच, असे धरून केले जाते. ग्रामीण कादंबरीवरील प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात साहित्य म्हणजे काय, कादंबरी म्हणजे काय, ग्रामीण म्हणजे काय, हे क्रमाने सांगितले जाते. दुसऱ्या प्रकरणात वाटचालीचा आढावा येतो, तिसऱ्यात लेखकाचा जीवनपरिचय. मूळ प्रतिपादनाला प्रारंभ होईतो शंभर-सव्वाशे पाने उलटलेली असतात. यामागे आळस नसतो. उलट पुष्कळ कष्ट असतात. कारण निराळे आहे. संशोधक शाळेपासून ज्या लेखनप्रकारात वाढलेला असतो तो उत्तरपत्रिकेचा. उत्तरपत्रिकेच्या वाचकाला उत्तर आधीच माहीत असते. लिहिणाऱ्याला ते माहीत आहे की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते. तेथे सर्वज्ञात गोष्ट सविस्तर सांगणे हा गुण ठरतो. संशोधनाच्या वाचकापुढे येताच तोच गुण दोष होतो. पंधरा-सतरा वर्षे अंगवळणी पडलेली ही सवय पदव्युत्तर वर्गाच्या उंबरठ्यावर कोणी सोडवून घेत नाही.

सवयीची खूण शीर्षकातच सापडते. ‘अमुक यांच्या कादंबऱ्यांचा चिकित्सक अभ्यास’, ‘तमुक यांची कविता : एक आकलन’. या शीर्षकांत विषय आहे, प्रश्न नाही. पूर्वमीमांसेत अधिकरणाची पाच अंगे मानली जातात : विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. विषयानंतर येथे लगेच सिद्धान्त येत नाही. पूर्वपक्षही येत नाही. संशय येतो. एकाच वाक्याचे दोन अर्थ संभवतात, दोहोंना आधार आहे, आणि दोन्ही एकाच वेळी स्वीकारता येत नाहीत, ही अडचण आधी दाखवावी लागते. ती दिसली नाही तर पूर्वपक्षाला प्रयोजन उरत नाही आणि सिद्धान्ताची कोणाला गरज भासत नाही. तज्ज्ञ वाचक लेखनात शिरतो तो या दारातून. विषय त्याच्या घरचाच असतो. संशय खरा असेल तरच तो तेथे थांबतो.

२

एक उदाहरण घेता येईल. ‘बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी होय’, हे वाक्य मराठी कादंबरीवरील असंख्य प्रबंधांत आणि लेखांत आढळते. विद्यार्थ्याला ते वस्तुस्थितीचे निवेदन वाटते. विषयाच्या जाणकाराला मात्र त्यातल्या प्रत्येक शब्दाशी एकेक वाद निजलेला दिसतो. ‘स्वतंत्र’ हे विशेषण हरि केशवजी यांच्या ‘यात्रिकक्रमण’ (१८४१) या भाषांतराला बाजूला ठेवण्यासाठी आलेले आहे, हे त्याला माहीत असते. ‘पहिली’ हा शब्द कालक्रमाचा दिसत असला तरी त्याच्या पोटात ‘कादंबरी’ या संज्ञेची एक विशिष्ट कल्पना दडलेली आहे, हेही त्याच्या ध्यानात येते. हिंदू विधवांची स्थिती सांगणाऱ्या, प्रवासाच्या सूत्रात ओवलेल्या या पुस्तकाला पहिलेपणाचा मान देताना समीक्षकांनी वास्तवदर्शन हे कादंबरीचे गमक मानलेले असते. मग चारच वर्षांनी आलेल्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’चे (१८६१) काय करायचे? अद्भुतरम्य म्हणून तिला वाट चुकलेली ठरवायची, की कादंबरीची एक निराळीच कल्पना तिच्यामागे होती असे म्हणायचे?

येथे संशय उभा राहतो, आणि तो असा मांडता येतो : ‘यमुनापर्यटन’चे पहिलेपण ही १८५७ सालातली वस्तुस्थिती आहे, की वास्तववादाला प्रमाण मानणाऱ्या नंतरच्या समीक्षेने मागे वळून दिलेला तो मान आहे? पूर्वपक्ष म्हणेल की पहिलेपण हा कालगणनेचा प्रश्न आहे. प्रकाशनाचे साल पाहिले की तो मिटतो. उत्तरपक्ष म्हणेल की साल पाहून क्रम लागतो खरा, परंतु कशाचा क्रम लावायचा हे साल सांगत नाही. ते साहित्यप्रकाराच्या कल्पनेने आधी ठरवलेले असते. हा उत्तरपक्ष टिकेल किंवा टिकणार नाही. पण ज्या जाणकाराने ‘यमुनापर्यटन’विषयी वर्षानुवर्षे शिकवले आहे, त्याला आता पुढले पान उलटावे लागेल. कारण त्याने स्वतःच उच्चारलेले एक वाक्य अडचणीत आलेले आहे.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या मांडणीत माहिती वाढलेली नाही. तीच तीन पुस्तके, तीच तीन साले. नुसत्या माहितीच्या भरीने तज्ज्ञाचे समाधान होत नाही, याचे कारण येथे सापडते. माहितीची फेरमांडणी करून तिच्यातला ताण उघड करणे हे काम त्याच्यापुढे व्हावे लागते. ‘यमुनापर्यटन’चे कथानक दहा पानांत सांगणाऱ्या प्रबंधापेक्षा ‘पहिली’ हा एक शब्द दहा पाने तपासणारा प्रबंध त्याच्या उपयोगी पडतो.

३

तज्ज्ञ वाचकासाठी लिहिण्याचा एक आदर्श पुण्यातच घडलेला आहे, आणि तो समीक्षेच्या नव्हे, पाठचिकित्सेच्या क्षेत्रातला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये आरंभले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण केले. १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग झालेल्या या आवृत्तीतील आदिपर्वाचा खंड विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह १९३३ मध्ये पूर्ण झाला. या आवृत्तीचे कोणतेही पान उघडले की दोन गोष्टी दिसतात. वर निश्चित केलेली संहिता, आणि तिच्याखाली बारीक टाइपात नाकारलेल्या पाठभेदांची रांग. कित्येक पानांवर संहितेची जागा थोडी आणि पाठभेदांची अधिक. संपादकाने जे निवडले ते वर आहे. जे निवडले नाही तेही वाचकाच्या स्वाधीन केलेले आहे. त्या सामग्रीवरून वाचकाला संपादकाचा निर्णय फिरवता येतो.

तिसरी गोष्ट बारकाईने पाहिल्यावर दिसते. संहितेतील काही शब्दांखाली नागमोडी रेघ काढलेली आहे. जेथे संपादकाला स्वतःच्या निवडीची पुरती खात्री नाही, तेथे ही रेघ येते. इतर ठिकाणी ती नाही. या एका खुणेत तज्ज्ञ वाचकाशी कसे बोलावे याचे मर्म साठवलेले आहे. मराठी संशोधनपर लेखनात ‘असे वाटते’, ‘बहुधा’, ‘असे म्हणणे वावगे ठरू नये’, ‘काही अंशी’ ही शब्दावळ विपुल असते. ती विनयाची म्हणून योजली जाते. परंतु सर्व विधानांवर सारखीच पसरलेली शंका वाचकाला काहीच सांगत नाही. कोणते विधान लेखकाने तपासले आहे आणि कोणते ऐकीव आहे, हे त्या धुक्यात कळत नाही. नागमोडी रेघ धुके पसरवीत नाही. ती शंकेची जागा दाखवते, आणि रेघ नसलेल्या शब्दांची जबाबदारी त्याच वेळी पत्करते. येथे खात्री आहे, तेथे नाही, असा स्पष्ट हिशेब देणाऱ्या लेखकावर तज्ज्ञ वाचक विश्वास ठेवतो. ज्याला सर्वत्र खात्री आहे त्याच्यावर तो विश्वास ठेवीत नाही. ज्याला कोठेच खात्री नाही त्याच्याकडे तो फिरकत नाही.

या आवृत्तीला तज्ज्ञ वाचकांकडून विरोधही झाला. आदिपर्वाचे आरंभीचे भाग प्रसिद्ध होताच फ्रेंच पंडित सिल्वाँ लेवी यांनी मूलगामी संहिता निश्चित करण्याच्या खटाटोपाऐवजी नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून त्याला पाठभेद जोडावेत, असे सुचविले. सुखटणकरांनी हा आक्षेप प्रस्तावनेत नोंदविला आणि त्याला उत्तर दिले. आक्षेप दडपला असता तर प्रस्तावना चार पाने लहान झाली असती. पण ज्या वाचकांना लेवींचे म्हणणे आधीच ठाऊक होते त्यांनी ती मग निःशंक मनाने वाचली नसती. पुढे नेपाळमधील एक जुने हस्तलिखित हाती आल्यावर सुखटणकरांनी त्याच्या आधारे स्वतःच्या छापून झालेल्या संहितेची पुन्हा पडताळणी केली. छापील ग्रंथ ही वादाची अखेर नव्हे, असे मानणाऱ्याची ही कृती आहे.

याच्या शेजारी मराठीतील दुसरे एक उदाहरण ठेवावेसे वाटते. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची आवृत्ती सिद्ध केली. राजवाड्यांचा अधिकार मोठा, भाषेची जाण असामान्य, आणि त्या आवृत्तीचा पुढील ज्ञानेश्वरी-अभ्यासावरील प्रभाव निर्विवाद. परंतु जी पोथी तिला आधारभूत होती ती पुढच्या अभ्यासकांना तपासायला मिळाली नाही. परिणाम असा झाला की एखाद्या शब्दरूपाविषयी मतभेद उद्भवला की अभ्यासकापुढे दोनच मार्ग उरतात : राजवाड्यांवर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे. तिसरा मार्ग पडताळणीचा. तो बंद आहे. विद्वत्तेत राजवाडे कोणाहून उणे नव्हते. तरीही त्यांच्या वाचकाला भक्त किंवा विरोधक व्हावे लागते. सुखटणकरांच्या वाचकाला सहसंपादक होता येते.

४

पाठचिकित्सेत जे पाठभेदांचे स्थान तेच समीक्षेत परिभाषेचे. तज्ज्ञासाठी लिहिताना संज्ञांच्या व्याख्या द्याव्यात की देऊ नयेत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. कोशातली व्याख्या उतरवून देणे निरर्थक, हे उघड आहे. पण संज्ञा तशीच सोडून देणेही धोक्याचे आहे. ‘लय’ हा शब्द पाहावा. संगीतातला त्याचा अर्थ वेगळा, छंदःशास्त्रातला वेगळा, आणि बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांच्या आधारे त्याला सौंदर्यशास्त्रात जो अर्थ दिला तो या दोहोंहून निराळा. कवितेच्या ‘लयी’विषयी लिहिणाऱ्याने यांपैकी कोणता अर्थ घेतला हे सांगितले नाही, तर जाणकार वाचक प्रत्येक वाक्य तीनदा वाचतो आणि अखेरीस पुस्तक मिटतो. ‘घाट’, ‘आकृतिबंध’, ‘रूपबंध’ यांच्याबाबतीतही हेच घडते. तज्ज्ञाला संज्ञेचा अर्थ माहीत असतो. किंबहुना तिचे अनेक अर्थ माहीत असतात, आणि म्हणूनच त्याला निवडीची खबर द्यावी लागते. नवख्याला व्याख्या हवी असते, जाणत्याला दिशा.

शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगण्याची प्रथा होती. पतंजलीचे महाभाष्यही शब्दानुशासनाची प्रतिज्ञा करून लगोलग व्याकरणाची प्रयोजने मोजू लागते : रक्षा, ऊह, आगम, लघुता आणि असंदेह. हे कशासाठी वाचायचे, असे विचारण्याचा वाचकाचा हक्क तेथे गृहीत धरलेला आहे. चार अनुबंधांपैकी ‘अधिकारी’ हा शब्द आज कचेरीपुरता उरला आहे. ग्रंथ कोणासाठी आहे, वाचकाला काय अवगत आहे असे मानून लिहिले आहे, आणि म्हणून कोणत्या गोष्टी येथे पुन्हा सांगितल्या जाणार नाहीत, याचा तो करार होता.

या कराराला एक काळी बाजू आहे, आणि ती लपवून त्याचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्ञानाचा अधिकार जन्मावरून ठरवून शूद्रांना आणि स्त्रियांना तो नाकारणारी परंपरा याच शब्दाचा आश्रय करून वावरली. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) संवादरूपाने लिहिली. त्यातील धोंडिबा प्रश्न विचारतो, शंका काढतो, आणि प्रतिपादन त्याच्या शंकांच्या वाटेने पुढे जाते. प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा, या वादात ही रचनाच एक उत्तर आहे. विद्यापीठाबाहेर राहून शरद पाटील यांनी ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा विद्यापीठातल्या अभ्यासकांना त्यांच्या आधारसामग्रीशी झुंजावे लागले. तज्ज्ञ वाचक म्हणजे पदाने मोठा वाचक नव्हे. अभ्यासाने जो शंका काढू शकतो तो तज्ज्ञ, मग तो कोठेही बसलेला असो. दुर्बोध परिभाषेचा तट उभारून ज्याला बाहेर ठेवले जाते, तो पुष्कळदा हाच वाचक असतो. जाणत्याला ठाऊक असलेले गाळणे वेगळे आणि अजाण्याला कळू नये असे लिहिणे वेगळे. पहिल्यात वाचकाचा आदर आहे. दुसऱ्यात लेखकाची भीती आहे.

५

मराठीत ही भीती समजण्याजोगी आहे. एखाद्या विषयाचे जाणकार मराठीत दहा-वीस. त्यांतले निम्मे एकमेकांच्या समित्यांवर असतात, आणि उरलेल्यांपैकी कोणी संशोधकाचे मार्गदर्शक, कोणी भावी परीक्षक. अशा लहान वर्तुळात पूर्वपक्षाला नाव देणे जड जाते. मग ‘काही समीक्षकांच्या मते’ असा निनावी पूर्वपक्ष उभा राहतो. तो कोणाचाच नसल्याने त्याचे खंडनही कोणाला लागत नाही. किंवा नामवंतांची अवतरणे एकापुढे एक मांडली जातात. त्यांचा परस्परविरोध दिसत असूनही त्याकडे काणाडोळा केला जातो. अवतरण येथे पुराव्यासाठी येत नाही, सोबतीसाठी येते. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’सारखा (१९७४) ग्रंथ या पार्श्वभूमीवर वेगळा उठून दिसतो. ज्या भूमिकेशी वाद घालायचा तिची नावानिशी आणि जास्तीत जास्त बळकट मांडणी आधी करायची, आणि मग तिच्या मर्यादा दाखवायच्या, हा त्याचा रिवाज आहे. तेथे प्रतिपक्षाचा अवमान होत नाही, कारण त्याला दुबळे करून हरवलेले नसते. खरा अवमान होतो तो निनावी उल्लेखाने.

नियमांनीही गेल्या काही वर्षांत या अडचणीत भर घातली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी परीक्षित नियतकालिकात किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे सक्तीचे होते. २०२२ च्या विनियमांनी ही सक्ती उठवली. मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने ती बंद केली. दरम्यान जे असंख्य शोधनिबंध लिहिले गेले त्यांतल्या कितीतरींना गुण होते, क्रमांक होता, प्रमाणपत्र होते. फक्त वाचक कल्पिलेला नव्हता. छापून येणे हेच त्यांचे प्रयोजन होते आणि छापून येताच ते संपले. सक्ती गेली, यादीही गेली. वाचकाविना लिहिण्याची सवय मात्र कोणत्याही विनियमाने जाणारी नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्ताने प्राचीनतेचे पुरावे पुष्कळ मांडले गेले. ज्ञानभाषा म्हणून एखाद्या भाषेची आजची स्थिती मात्र तिच्या वयावरून कळत नाही. त्या भाषेत उपस्थित झालेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जाणकाराला ती भाषा वाचावी लागते काय, यावरून ती कळते. मराठीचा तज्ज्ञ वाचक इंग्रजीही वाचतो. परदेशी सिद्धान्ताचा मराठी गोषवारा त्याला नको असतो. मूळ ग्रंथ त्याच्या हाताशी आहे. ‘यमुनापर्यटन’चे पहिलेपण, ज्ञानेश्वरीतील एखाद्या शब्दरूपाची विश्वसनीयता, मर्ढेकरांच्या ‘लयी’चा नेमका आशय, हे संशय मात्र मराठीतच उत्पन्न झालेले आहेत आणि ते दुसऱ्या कोणत्याही भाषेत सुटणार नाहीत. त्यांच्यासाठी त्याला मराठीकडेच यावे लागते.

आज प्रबंध विभागाच्या कपाटात कुलूपबंद राहत नाहीत. ‘शोधगंगा’ भांडारात जमा झालेला प्रबंध गडहिंग्लजच्या किंवा गोव्यातल्या अभ्यासकाला घरबसल्या उघडता येतो, आणि पदवी मिळून संशोधक तो विसरला तरी प्रबंध तेथे उघडाच राहतो. दहा वर्षांनी कोणी अनोळखी जाणकार तो उघडील. त्याला मार्गदर्शकाचे नाव ठाऊक नसेल, भिडेचे कारण नसेल, वेळ थोडा असेल. तो संदर्भसूची पाहील, निष्कर्ष पाहील, आणि ज्या एका विधानावर बाकी सगळे उभे आहे ते शोधू लागेल. ते विधान त्याला पहिल्या काही पानांतच सापडावे, त्याच्या खाली पुरावा असावा, आणि जेथे पुरावा अपुरा आहे तेथे लेखकाने स्वतःच्या हाताने रेघ ओढलेली असावी. मग तो असहमत झाला तरी हरकत नाही. पुढचा प्रबंध त्याच रेघेपासून सुरू होईल.